पाणी गेले कुठे?

आपल्या नाशिक जिल्ह्यात मोटार ही आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. सातपूरला मोटारींचा मोठा कारखाना आहे. निफाड, दिंडोरी, सिन्नर, कुठल्याही तालुक्यात जा. कुणाच्या दाराशी ट्रॅक्टर उभा असतो, कुणाच्या दाराशी पिकअप. द्राक्षे, टोमॅटो, कांदा याच गाड्यांतून बाजाराला जातात. एका गाडीवर घरातल्या पाच-सात माणसांचे पोट चालते.

गाडी चालवणारे पुष्कळ आहेत. पण गाडी का तापते आणि तापली तर काय करावे, हे ठाऊक असणारे थोडे. या पाठात आपण तेच शिकणार आहोत. आधी एक घडलेली गोष्ट ऐका.

घाटातली दुपार

एप्रिल महिना होता. वाशीच्या बाजारात द्राक्षे उतरवून आम्ही एका शेतकरी दादांच्या पिकअपमधून परत येत होतो. दादांचे वडील, आबा, बरोबर होते. परतीचे भाडे म्हणून गाडीत लोखंडी पाइप भरले होते. ऊन रणरणत होते.

कसारा मागे पडला आणि घाट लागला. हा घाट मोठा कठीण. इथे रेल्वेचा मार्ग १८६५ साली सुरू झाला. रुळांचा चढ असा आहे की ३७ फूट पुढे गेले की १ फूट वर चढते. म्हणून कसाऱ्याला आगगाड्यांना जादा इंजिने लावीत आले आहेत. आगगाडीची ही गत, मग भरलेल्या पिकअपची काय कथा!

निम्मा घाट चढलो. गाडी तापल्याचे दाखवणारा काटा वर सरकू लागला. आबा म्हणाले, "थांब रे. काटा बघ कुठं गेलाय."

दादा म्हणाले, "आता इगतपुरी आलीच की, आबा. वर जाऊनच थांबू. सकाळी पाणी घातलंय मी."

काटा लाल पट्ट्यात गेला. तरी दादा थांबले नाहीत. थोड्या वेळाने काटा एकदम खाली आला. दादा हसून म्हणाले, "बघा, झाली गार!"

गाडी गार झाली नव्हती. पुढच्याच वळणावर तिची ओढ गेली. इंजिनातून खडखड आवाज आला. बोनेटखालून वाफेचा लोट उठला. गाडी कशीबशी कडेला लागली.

दादांनी बोनेट उघडले. हाताला ओला पंचा गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात मागच्या ट्रकचे म्हातारे ड्रायव्हर ओरडले, "हात लावू नको! तोंड भाजेल!"

दादा मागे सरले. पाऊण तास आम्ही दरडीच्या सावलीला बसून राहिलो. मग झाकण उघडले. आत पाण्याचा थेंब नव्हता. पाच लिटरचा डबा ओतला, तेवढे पाणी खालून रस्त्यावर गेले. शेवटी गाडी दुसऱ्या गाडीला बांधून नाशिकला न्यावी लागली.

मिस्त्रींनी विचारलेले प्रश्न

गॅरेजात मिस्त्रीकाकांनी इंजिन खोलले. हेड तापून वाकडे झाले होते. हेड गॅस्केट जळले होते. मग त्यांनी खाली वाकून रेडिएटरचा खालचा रबरी पाइप हलवला. पाइपाची क्लिप गंजून सैल झाली होती. तिच्याखाली पाइपाला बारीक चीर गेली होती. क्लिप किती रुपयांची? मूठभर शेंगदाण्यांच्या किमतीची. आणि इंजिनाचे काम? त्यात त्या हंगामाची कमाई गेली.

मिस्त्रीकाकांनी विचारले, "पाणी कधीपासून घालत होता?"

दादा म्हणाले, "असेल आठ-दहा दिवस."

"रोज किती?"

"थोडंसं. बाटलीभर. कधी जास्त."

"कुठं लिहून ठेवलं होतं का?"

दादा गप्प झाले. दादांना लिहिता-वाचता चांगले येते. द्राक्षाच्या प्रत्येक खोक्याचा हिशेब त्यांच्या वहीत होता. पाण्याचा हिशेब मात्र नव्हता.

मिस्त्रीकाका म्हणाले, "दादा, गाडी पाणी पीत नाही. डिझेल जळतं, पाणी जळत नाही. ते बंद नळीत फिरत असतं. आज घातलं तर महिन्यानंही तेवढंच पाहिजे. कमी झालं, तर ते कुठंतरी गेलं. तुम्ही रोज पाणी घातलंत. ते गेलं कुठं, हे एकदाही विचारलं नाहीत."

हा प्रश्न आपण पक्का लक्षात ठेवू. पाणी गेले कुठे? सारा पाठ या एका प्रश्नात आहे.

इंजिनाला पाणी कशाला?

चूल पेटली की भांडे तापते. तसेच इंजिनाचे आहे. इंजिनात डिझेल किंवा पेट्रोल जळते. जळताना आतला वायू इतका तापतो की उघडे राहिले तर लोखंडही वितळावे. १ लिटर डिझेलातून जी उष्णता निघते, तिचा साधारण तिसरा हिस्साच गाडी ओढण्याच्या कामी येतो. जवळजवळ तेवढीच धुराबरोबर निघून जाते. बाकीची इंजिनाच्या अंगात उरते. ती काढून नेली नाही, तर लोखंड फुगते, ऑइल पातळ होते, दट्ट्या अडकतो आणि इंजिन जाम होते.

ही उष्णता पाणी काढून नेते. आपल्या वडीलधाऱ्यांना हे जुने ठाऊक आहे. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. पुढे विहिरीविहिरींवर डिझेलची इंजिने धडधडू लागली. पंपाच्या पाण्यातला एक बारीक फाटा इंजिनाभोवती फिरवलेला असे. गार पाणी आत जाई, गरम होऊन पाटात पडे. थंडीच्या दिवसांत पोरे त्याच धारेखाली हातपाय धूत.

पण मोटारीला विहीर बरोबर नेता येत नाही. म्हणून मोटारीत तेच ते पाणी पुन्हा पुन्हा फिरवतात. रहाटाची गाडगी आठवा. भरलेली वर येतात, रिकामी होऊन खाली जातात, परत भरतात. इथे पाणी इंजिनात उष्णता भरून घेते, रेडिएटरमध्ये येऊन ती वाऱ्याला देते आणि गार होऊन परत इंजिनात जाते.

अगदी सुरुवातीच्या मोटारींत पाणी उकळून उडून जाई. वाटेत थांबून पुन्हा पुन्हा भरावे लागे. जर्मनीत विल्हेल्म मायबाख नावाचे कारागीर होते. १९०१ सालच्या मर्सिडीज मोटारीला त्यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात ८ हजारांवर बारीक नळ्या होत्या. वाऱ्याला लागणारे अंग वाढले, त्यामुळे थोडक्या पाण्यात मोटार गार राहू लागली. आजही रेडिएटरला बारीक जाळी असते ती याचसाठी.

सहा भाग ओळखा

बोनेट उघडा. इंजिन गार असताना हे भाग पाहा.

१. रेडिएटर. हा पुढच्या जाळीमागे असतो. यात पाणी गार होते.

२. रबरी पाइप. एकातून गरम पाणी रेडिएटरात येते, दुसऱ्यातून गार पाणी परत जाते.

३. पाण्याचा पंप. मिस्त्री लोक याला 'वॉटर बॉडी' म्हणतात. हा पाणी ढकलतो. बहुतेक गाड्यांत तो पट्ट्यावर फिरतो.

४. पंखा. हा रेडिएटरातून वारा ओढतो. काही गाड्यांत तो पट्ट्यावर चालतो, काहींत विजेवर. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू लागतो. म्हणून तिथे बोट घालू नका.

५. थर्मोस्टॅट. ही एक झडप आहे. इंजिन गार असते तेव्हा ती मिटलेली असते. इंजिन चांगले तापले की, साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान, ती उघडते आणि पाणी रेडिएटराकडे सोडते.

६. झाकण. दिसायला लहान, पण काम मोठे. झाकणाबद्दल थोडे जास्त समजून घेऊ.

झाकण म्हणजे कुकरची शिटी

मिस्त्रीकाका हे सांगत होते तेव्हा दादांच्या घरच्या वहिनीही गॅरेजात आल्या होत्या. त्या पटकन म्हणाल्या, "मग हे कुकरसारखंच झालं की!"

वहिनींनी बरोबर ओळखले. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. इथे उघड्या पातेल्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. कुकरचे झाकण दाब धरते, म्हणून कुकरातले पाणी त्याहून जास्त तापते तरी लवकर उकळत नाही. रेडिएटरचे झाकणही दाब धरते. हवेच्या दाबाइतकाच आणखी दाब चढला, तर पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत न उकळता राहते. गाडी घाट चढते ती या जोरावर.

झाकणाचे रबर फाटले किंवा स्प्रिंग ढिली झाली, तर दाब राहत नाही. मग गाडी थोडी तापली तरी पाणी उकळते. कुकरची रिंग खराब झाली म्हणजे वाफ कडेने निघून जाते, तसेच.

आता सांगा, कुकर चुलीवर असताना कुणी झाकण उघडते का? गरम रेडिएटरचे झाकण उघडले की दाब एकदम सुटतो. उकळते पाणी आणि वाफ तोंडावर, हातावर, छातीवर येते. डोळा जाऊ शकतो. पंचा गुंडाळला तरी वाफ पंच्यातून जाते. त्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने आमच्या दादांचे डोळे वाचवले.

वाटेत गाडी तापली तर

काटा लाल पट्ट्याकडे चालला, तर असे करा.

पहिले, एसी चालू असेल तर बंद करा. गाडीत गरम हवेची सोय असेल, तर ती पूर्ण उघडा. उकडेल खरे, पण इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडेल.

दुसरे, 'पुढच्या गावात थांबू' असे म्हणू नका. जागा सापडताच गाडी कडेला घ्या. इशाऱ्याचे दिवे लावा. हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. निघताना तो दगड उचलून कडेला टाका. आपला विसरलेला दगड रात्री मोटारसायकलवाल्याचा जीव घेतो.

तिसरे, इंजिन बंद करा आणि वाट पाहा. निदान अर्धा तास. मोठे इंजिन असेल तर आणखी. झाकणाला हात लावू नका.

चौथे, वरून गार पाणी मारू नका. तापलेल्या तव्यावर पाणी पडले की तो कसा चरकतो? तसे तापलेले हेड चिरते.

पाचवे, इंजिन हाताला सोसवेल इतके निवले, की झाकणावर जाड फडके टाका. तोंड बाजूला करा. झाकण थोडेसे फिरवून थांबा. फस् आवाज आला तर तो पूर्ण थांबू द्या. मग काढा. पाणी हळूहळू घाला.

आणि काट्याची गोष्ट विसरू नका. तापमान मोजणारा भाग पाण्यात बुडालेला असतो. पाणीच संपले, तर तो कोरडा पडतो आणि काटा खोटे सांगतो. लाल पट्ट्यात गेलेला काटा एकाएकी खाली आला, तर आनंद मानू नका. गाडी लगेच थांबवा. दादांचे इंजिन गेले ते नेमके इथे.

पाणी गेले कुठे? असे शोधा

पाणी जायला दोन वाटा आहेत. एक बाहेरची, एक आतली.

बाहेरची वाट. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरा. सकाळी पाहा. ओला डाग कुठे पडला? पुढे पडला तर रेडिएटर पाहा. मध्ये पडला तर पाइप आणि पंप पाहा. पाणी सुकले तरी खूण राहते. पांढरा, हिरवा किंवा गुलाबी चट्टा शोधा. रबरी पाइप हाताने दाबा. तो चिरलेला, फुगलेला किंवा लिबलिबीत असेल तर बदला. सगळ्या क्लिपा तपासा. पाण्याच्या पंपाला खाली एक बारीक भोक असते. त्यातून पाणी ठिबकू लागले, तर आतले सील गेले असे समजा. ते भोक बुजवू नका. पंपाचे काम करून घ्या.

आतली वाट. बाहेर कुठेच ओल नाही, तरी पाणी कमी होते. मग संशय हेड गॅस्केटवर घ्या. त्याच्या चार खुणा आहेत. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहतो. ऑइलची पट्टी काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते. गार इंजिन चालू करताच रेडिएटरच्या तोंडाशी सारखे बुडबुडे येतात. आणि गाडी सुरू करून दोन मिनिटे झाली नाहीत तोच रबरी पाइप दगडासारखा घट्ट होतो. या खुणा दिसल्या, तर गाडी चालवू नका. हे काम घरचे नाही, मिस्त्रींचे आहे. हेड काढून ते सरळ आहे की वाकले हे मोजावे लागते.

पाणी पुरेसे आहे, तरी गाडी तापते

असेही होते. तेव्हा गाडी कधी तापते, ते पाहा.

उभी असताना तापते, पळताना गार राहते. मग दोष बहुधा पंख्यात आहे. पळताना वारा आपोआप मिळतो, उभी असताना पंखाच वारा देतो. पट्ट्याचा पंखा असेल तर पट्टा सैल झाला आहे का, चिरला आहे का, ते पाहा. विजेचा असेल तर फ्यूज आणि वायर तपासून घ्या.

उभी असताना गार, घाटात किंवा भरधाव पळताना तापते. मग रेडिएटर चोंदला असेल, किंवा पाणी पुरेसे फिरत नसेल. रेडिएटर बाहेरूनही चोंदतो, आतूनही.

बाहेरून चोंदतो तो कचऱ्याने. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या जाळीत भुसा बसतो. कांद्याच्या बाजारात साले उडून बसतात. किडे आणि चिखलही बसतो. इंजिन गार झाल्यावर जाळीवर साधे पाणी मारा. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या बाजूला मारा, म्हणजे कचरा आला त्या वाटेने परत जाईल. सर्व्हिसिंगचा जोराचा फवारा जवळून मारू नका. जाळीची पाती वाकतात आणि वाऱ्याची वाट बंद होते.

आतून चोंदतो तो क्षाराने. तांब्याच्या बंबात बोअरचे पाणी तापवले की आत पांढरा थर धरतो. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. म्हणून रेडिएटरात बोअरचे खारे पाणी घालू नये.

इंजिन तापले, काटा वर गेला, पण रेडिएटराकडे जाणारा पाइप गारच. मग थर्मोस्टॅटची झडप उघडत नसेल. ती काढून तपासता येते. टाकाऊ पातेल्यात पाणी घ्या. झडप दोऱ्याला बांधून पाण्यात सोडा, बुडाला टेकू देऊ नका. पाणी तापवा. उकळायच्या आधी झडप उघडली पाहिजे. उघडली नाही तर नवी बसवा. कुणी म्हणतात, "झडप काढूनच टाका, गाडी गार राहील." तसे करू नका. झडप नसली तर इंजिन वेळेवर गरम होत नाही. डिझेल जास्त खाते आणि लवकर झिजते. माणसाला ताप वाईट, तसा गारठाही वाईट.

कूलंट

गाडीत नुसते पाणी घालू नये. कूलंट घालावे. कूलंट पाण्यात मिसळले की पाणी उशिरा उकळते. गंज धरत नाही. लडाखसारख्या थंडीत पाण्याचा बर्फ होऊन इंजिन फुटते, तेही टळते. काही कूलंट तयार मिळते, ते तसेच घालायचे. काही घट्ट असते, त्यात शुद्ध केलेले पाणी मिसळायचे, बहुधा अर्धे-अर्धे. डब्यावर लिहिलेले असते. ते वाचा. हिरवे, गुलाबी, नारिंगी अशा वेगवेगळ्या जातींचे कूलंट एकत्र करू नका. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिले आहे तेच घाला. वाटेत अडलात तर स्वच्छ पाणी घालून घरी या, पण नंतर ते बदलून घ्या.

कूलंट विषारी आहे, आणि चवीला गोड लागते. पोरे, कुत्री, शेळ्या ते चाटतात. सांडलेले लगेच धुऊन पुसून काढा. जुने कूलंट विहिरीजवळ, ओढ्यात किंवा गटारात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या. कूलंट पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका.

पाण्याची वही

गाडीत एक लहान प्लास्टिकची टाकी असते. तिच्यावर दोन रेघा असतात. खालच्या रेघेशी 'मिन' आणि वरच्या रेघेशी 'मॅक्स' असे इंग्रजीत लिहिलेले असते. गार गाडीत पाणी या दोन रेघांमध्ये असले पाहिजे. दर आठवड्याला सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी पाहा आणि वहीत लिहा. असे लिहा :

सोमवार, ३ तारीख. पाणी वरच्या रेघेला. काही घातले नाही.

सोमवार, १० तारीख. एक बोट कमी. पाव लिटर घातले.

सोमवार, १७ तारीख. दोन बोटे कमी. अर्धा लिटर घातले. मिस्त्रींना दाखवायचे.

बस, एवढेच. तीन ओळींत गाडीने आपले दुखणे सांगितले. तोंडी हिशेबात 'थोडे' म्हणजे किती ते कळत नाही. आज थोडे, उद्या थोडे, आणि एके दिवशी घाटात सगळेच जाते. कागदावर पाव लिटरचे अर्धा लिटर झाले की डोळ्यांना लगेच दिसते.

आमच्या दादांची गाडी पंधरा दिवस गॅरेजात होती. शेवटच्या तोडीची द्राक्षे भाड्याच्या गाडीने पाठवावी लागली. बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही. पण दादा शहाणे. त्यांनी एक वही विकत घेतली, तिला पेन्सिल बांधली आणि दोऱ्याने गाडीत टांगून ठेवली. पुढच्या हंगामाआधी वहीत एका आठवड्याला पाव लिटर उतरले, दुसऱ्या आठवड्याला पुन्हा पाव लिटर. दादांनी पुठ्ठा पसरला. सकाळी डाग दिसला. पंपाच्या भोकातून थेंब पडत होता. दादा तसेच गॅरेजात गेले आणि संध्याकाळी गाडी घेऊन घरी आले.

त्या रात्री दादांनी वहीत लिहिले, 'पाणी पंपातून जात होते. पंप बदलला.' आबांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी ती ओळ दोनदा वाचून घेतली. मग म्हणाले, "ही वही आधी असती तर!"

लक्षात ठेवा

१. गाडी पाणी पीत नाही. पाणी कमी झाले तर ते कुठे गेले, ते शोधा.

२. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका.

३. काटा लाल झाला की तिथेच थांबा. काटा एकाएकी खाली आला तरी थांबा.

४. बोअरचे पाणी नको. पुस्तिकेत सांगितलेले कूलंट घाला.

५. पाण्याची वही ठेवा.

आता तुम्ही सांगा

१. दादांनी रोज पाणी घातले, तरी इंजिन का गेले?

२. रेडिएटरचे झाकण आणि कुकर यांत काय सारखे आहे?

३. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर मळणीच्या वेळीच तापतो. तुम्ही आधी काय पाहाल?

४. एक गाडी बाजारात उभी असताना तापते, पण रस्त्यावर पळताना गार राहते. दोष कुठे असेल?

५. तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या गाडीतली टाकी उद्या सकाळी पाहा. पाणी कोणत्या रेघेला आहे ते तारीख घालून वहीत लिहा.